एकेचाळीसावी पेटी

१

शफीकभाईला जाऊन पाच महिने झाले होते, आणि पत्र म्हणत होतं की जाण्याच्या तीन महिने आधीच त्यांनी सगळं विकून टाकलं.

लतीफानं ते पत्र ओढणीच्या टोकात गुंडाळून आणलं होतं. पौषाची दुपार. कारंज्याच्या त्या गल्लीत उन्हालाही थंडी वाजत होती. दार वाजलं तेव्हा सुकेशनीबाईंनी आधी रेडिओ बंद केला. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांची बोलणी जोडून दिली होती. आता दिवसदिवस रेडिओशिवाय त्यांच्याशी कोणी बोलत नसे, आणि रेडिओला तर उत्तरही लागत नाही.

"ताई, हे वाचा. म्या सात वेळा वाचलं. आठव्यांदा डोळे नाई म्हणून राह्यले."

"बस आधी. पाणी घे."

लतीफा बसली, पण पाण्याला हात लावला नाही.

पत्र दूरसंचार खात्याचं होतं. बारा वर्षांपूर्वी शफीकनं 'दुआ नेट' ही छोटी इंटरनेट कंपनी काढली, आता दूर सासरी असलेल्या लेकीच्या नावानं. जिल्ह्यापुरता परवाना. तो अर्ज सुकेशनीबाईंनीच भरून दिला होता, कारण सरकारी रकान्यांची भाषा गल्लीत त्यांनाच येत होती. कंपनीचे शंभर हिस्से. नव्व्याण्णव शफीकचे, एक लतीफाचा. आता पत्रासोबतचं विक्रीपत्र सांगत होतं की मागच्या बारा मे रोजी शफीकनं आपले नव्व्याण्णव हिस्से एका कंपनीला दिले. त्या कंपनीचं नाव दोघींनीही कधी ऐकलेलं नव्हतं. अशी मालकी बदलली की खात्याची मंजुरी लागते. खात्यानं विचारलं होतं, वारसांचं काही म्हणणं आहे का? पंधरा दिवसांत कळवा. त्यातले सहा उलटून गेले होते.

"सही?"

"त्याचीच हाय. निकाहनाम्यापासून वळखतो मी ती सही."

मागं जाळ्याची यादी जोडली होती. खांबांवरच्या पेट्या, जिथून तारेला फाटे फुटतात आणि घरोघर जातात. पहिलीच ओळ वाचून बाईंना हसू आलं. 'पेटी १ : सुकेशनी.' शफीकची ती रीतच होती. पेटी बसवताना जो पहिलं पाणी पाजेल, त्याचं नाव त्या पेटीला. पहिला खांब बाईंच्या दारात रोवला होता आणि तांब्या त्यांनीच दिला होता. तेव्हापासून लाइनमन नथ्थू गल्लीत ओरडत यायचा, "सुकेशनी बंद पडली वो!" आणि बाई खिडकीतून म्हणायच्या, "अजून नाई पडली रे बाबा!"

यादी खाली खाली जात होती. चाळीसावी, गिरजाबाई. एकेचाळीसावी, शेवटची, शफीक.

"पाहा ना," लतीफा म्हणाली, "शेवटी सोताचं नाव टाकलं. म्हंजे जायचं त्याच्या मनात होतंच. सगळ्याईले सांगून गेला, मले सोडून." तिनं ओढणीचं टोक पिळलं. "कंपनी राह्यली का गेली, ते मंग पाहू. मले एकच सांगा, ताई. माह्यापासून लपवून त्यानं हे केलं का? मी अजून रोज सकाळी त्याची पाण्याची बाटली भरून ठेवतो. भरल्यावर आठवते. जो माणूस मले एक हिस्सा ठेवून बाकी विकून बसला, त्याच्यासाठी मी बाटली भरून राह्यली का?"

ती गेल्यावर तांब्या तसाच भरलेला होता. सुकेशनीबाईंची माय जात्यावर बसली की ओव्या आपसूक यायच्या. तसं काहीतरी बाईंच्या ओठांशी आलं.

*तार गेली शिवारात, तिले पानी कोन पाजे...*

पुढची ओळ जुळेना. आणि सही तर खरी होती.

२

दुआ नेटचं ऑफिस म्हणजे बसस्टँडमागचा एक गाळा. तिथं राधिका बसायची. फोन घ्यायची, यादी सांभाळायची, ग्राहकांच्या शिव्या खायची.

"मावशी, आकडा बरोबर हाय," तिनं यादी न उलटता विक्रीपत्रातला पेट्यांचा आकडा तेवढा वाचून सांगितलं. "एकेचाळीसावी पेटी भाईनं अक्षय तृतीयेच्या टायमाले बसवली. बारा मेले एकेचाळीसच होत्या."

म्हणजे तारखेतही खोट नाही. बाईंनी चष्मा पुसला.

"सही खरी, आकडा खरा. मंग खोटं काय हाय, पोरी?"

राधिका उत्तराऐवजी उठली आणि टेबलाचा खण उघडला. कंपनीच्या नावाचे कोरे कागद. प्रत्येकाच्या तळाशी शफीकची सही.

"हे काय?"

"भाई दिवसभर खांबावर. सहीसाठी खाली कोन उतरवंल? दहा-दहा कागदांवर एकदम सही करून ठेवायचे. थोडे इथं. थोडे मोईनचाचाच्या दुकानात, नव्या जोडणीचे फॉर्म तिथं भरतेत म्हणून. आन थोडे आपल्या जिल्ह्यातल्याच मालेगावले, हर्षलदादाकडं. खात्याचे सगळे कागद तेच बनवतेत."

तीन ठिकाणी मेलेल्या माणसाच्या जिवंत सह्या पडून होत्या.

"आन पेट्यांची यादी कोनाकोनाकडं हाय?"

"दिवाळीनंतर मी तीनच प्रती काढल्या. एक ही भिंतीवर. एक मोईनचाचाले, बॅटऱ्या त्यांच्या दुकानातून जातेत. एक हर्षलदादाले, वर्षअखेरीची माहिती पाठवाले."

पुन्हा तेच तिघं. आणि तिघांत ही पोरगीही होती. बाईंनी पाहिलं, राधिकाच्या पर्सखाली पुण्याच्या कुठल्याशा कंपनीचं पाकीट डोकावत होतं.

"चालली का पुण्याले?"

राधिकानं पाकीट आत सारलं. "भाभीले सांगू नका. भाई गेल्यापासून हा गाळा खायाले उठते, मावशी. कोनी शिवी देयाले फोन केला तरी बरं वाटते." मग आवाज दाबून म्हणाली, "भाईचं आन मोईनचाचाचं उन्हाळ्यात लय जोरात भांडण झालतं. इथंच. चाचा वरडून राह्यले होते, 'विकून टाक! विकून टाक म्हनतो ना!'"

३

मोईनचं दुकान हार्डवेअरचं. खिळे, रंग, दोर, बॅटऱ्या. शफीकचा हा धाकटा भाऊ त्याच्यासारखाच उंच होता, पण उंची जड झाल्यासारखा वाकून बसला होता.

"या ताई. मले ठावं होतं तुमी येसान. भाभीले वाटते ना, म्या केलं म्हणून?"

"तू विकून टाक म्हनला होता."

"म्हनलो होतो!" मोईननं हातातला खिळा गल्ल्यावर आपटला. "डॉक्टरनं सांगतलं होतं, दिल कमजोर हाय. आन हा माणूस मे महिन्यात खांबावर. मी म्हनलो, विक, घरी बस, भाभीसंग चाय पी. तो म्हने, 'दुआ माही लेक हाय, लेक विकते का कोनी?' मी म्हनलो, मंग मर. असंच म्हनलो, ताई. मंग मर." तो थांबला. "तीन महिन्यांनी मेला."

एक बाई डांबरगोळ्या घ्यायला आली, घेऊन गेली.

"भाईच्या चाळिसाव्या दिवसानंतर तू लतीफाकडं गेला नाईस."

"कोन्या तोंडानं जाऊ? तिनं विचारलं, भाई शेवटी काय बोलला, तर काय सांगू?"

खोटं बोलणारा माणूस स्वतःला बरं दिसेल असं खोटं बोलतो, हे बाई एक्स्चेंजमध्ये शिकल्या होत्या. पण रडणारा माणूस निर्दोष असतोच असंही नाही. उठताना त्यांची नजर फळीवर गेली. पांढऱ्या रंगाचा एक डबा अर्धा वापरलेला होता आणि त्यावर वाळलेला ब्रश आडवा ठेवला होता. विकायच्या मालात उघडा डबा?

"हा कोनासाठी फोडला?"

मोईननं डबा उचलला आणि गल्ल्याखाली ठेवून दिला. "असाच," म्हणाला, आणि पुन्हा बाईंकडं पाहिलंच नाही.

४

"एकेचाळीस पाह्याची? चाला," नथ्थू म्हणाला. "पन बाई, तिथं पाह्यासारखं काईच नाई. खांब हाय, वारा हाय."

खरंच तसं होतं. गिरजाबाईचा वांग्याचा मळा मागं पडला आणि मग नुसतं शिवार लागलं. तुरी कापून नेलेल्या, हरभरा घोट्याएवढा, आणि मधोमध, पुढच्या गावाकडं तार न्यायला रोवलेला एकटा खांब. चहूकडं नजर जाईल तिथवर घर नाही. तार वाऱ्यात एकाच सुरात गुणगुणत होती, कोणी घरात नसताना म्हातारी माणसं गुणगुणतात तशी.

पेटीवर पांढऱ्या रंगात अक्षरं होती. शफीक. हात नथ्थूचा, 'फ'चं पोट फुगलेलं.

"हे तू लिवलं?"

"म्याच. सगळ्या पेट्यांची नावं मीच रंगवतो."

"कदी?"

"दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. भाईचा नेम होता ना, पेटीनं एक पावसाळा काढला का मंग पक्कं नाव. तवर कच्ची. कच्चं नाव भाई झाकनाच्या आतून खडूनं लिवे, पक्कं मी भायेरून रंगानं. यादीतबी नाव तवाच चढे. तवर नुसता नंबर."

"म्हंजे मे महिन्यात यादीत..."

"एकेचाळीस, फुडं कोरं."

"आन आतलं कच्चं नाव काय होतं?"

"अल्ला जाने. हे पेटी बसवाले भाई एकटाच आला होता. कुलपाची किल्ली त्याच्याच जुडग्यात राह्यली, जुडगा भाभीनं घरच्या संदुकीत ठेवला. माग्याची हिंमत नाई झाली. आन हे पेटी कदी बिघडलीच नाई, तं उघडाचं काम नाई पडलं." नथ्थूनं टोपी काढली. "पावसाळा सरला. भाई तं नाई राह्यला. म्या इचार केला, इथं पानी पाजाले कोन येते? कोसभर घर नाई. मंग नाव कोनाचं? म्या म्हनलं, भाईचंच लिवू. जित्तेपनी त्यानं लिवू देल्लं नसतं."

"एकटाच होता?"

"नाई ना. मोईनभाऊनं दुकानातला रंग देल्ला, शिडी धरली. नाव झाल्यावर इथंच ढेकळांत उभा राहून भाईसाठी फातिहा पढला. मले म्हने, भाभीले सांगू नको, रडंल. मंग राधिका पोरीले यादीत चढवाले सांगतलं. टाईप करता करता ढसढस रडली. म्हने, नथ्थूभाऊ, बटनं दिसून नाई राह्यली."

सुकेशनीबाई खांबाला हात लावून उभ्या राहिल्या. तारेचं गुणगुणणं खांबातून तळहातात येत होतं. बारा मेच्या कागदात दसऱ्यानंतरचं नाव होतं. कागद खोटा होता. शफीकनं तो पाहिलाही नव्हता.

पण बनवला कोणी, तेही आता उघड होतं. ज्यानं शिडी धरली त्याला ते नाव कागदावर दिसताच चटका बसला असता. जिला रडताना बटनं दिसत नव्हती तिलाही. हे नाव काय आहे हे ज्याला ठाऊक होतं, तो ही यादी मे महिन्याच्या कागदाला जोडूच शकला नसता. यादी हातात असलेल्या तिघांत एकच माणूस असा होता, ज्याला ते ठाऊक नव्हतं.

"नथ्थू, मालेगावची गाडी किती वाजता हाय?"

५

हर्षलचं ऑफिस मालेगावात मुख्य रस्त्यावर, काचेच्या दाराचं. त्यानं बाईंना खुर्ची दिली, चहा मागवला, बिस्किटंही.

"मावशी, एवढ्या दुरून? फोन केला असता. भाभी कशा आहेत? एकट्या पडल्या बिचाऱ्या."

"पडली खरी. तिनं मले पाठवलं, म्हने, म्हनणं काय द्याचं ते इचारून ये."

"काहून देता म्हनणं?" हर्षल मायेनं म्हणाला. "भाईनंच विकलं. मंजुरी झाली का मामला मिटला. आता मोठ्या कंपन्या लहान लहान परवाने गोळा करून राह्यल्या. भाभी काय खांबावर चढनार हायेत?"

बाईंनी यादी टेबलावर ठेवली. "यात कोनती पेटी कुठं हाय, तेवढं लिवून देता का? लतीफाले समजत नाई."

"ते नथ्थूले इचारा. मी बारा वर्षांत एक खांब पाह्यला नाई. आपलं काम कागदाचं."

"हे नावं कायची असतेत?"

"गिऱ्हाईकांची असतीन. नाईतं शेतवाल्यांची."

"हे शेवटचं?"

हर्षलनं वाकून पाहिलं. "शफीक. असंल कोनी शेतकरी. कारंज्यात शफीक काय कमी हायेत?"

चहा आला. बाईंनी पेल्याला हात लावला नाही.

"पोरा, जो माणूस या यादीच्या खाली सही करून राह्यला, तोच हा यादीतला शफीक हाय. तो मेल्यावर त्याच्या लाइनमननं हे नाव पेटीवर घातलं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी. मले सांग, बारा मेले शफीकले कसं माहीत, का आपन मरणार आन आपल्या नावाची पेटी होणार?"

हर्षलचा हात यादीवर तसाच राहिला. बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, काच थरथरली, थांबली.

"तुह्यापाशी मागच्या साली पाठवलेली यादी होती. पन तिच्यात चाळीसच पेट्या. मे महिन्यात एकेचाळीस होत्या, म्हून तू नवी यादी लावली, आकडा बरोबर यावा म्हणून. आकडा बरोबर आला. शफीक नावाचा माणूस तेवढा तुले यादीत दिसला नाई." बाई थांबल्या. "नवी कंपनी कोनाची हाय?"

"साळ्याच्या नावानं." आवाज कागदासारखा पातळ झाला होता. "मावशी, भाभीकडून ते चालनारच नव्हतं. पडून पडून परवाना मेला असता. मी म्हनलं, कोनाच्या तरी कामी येईन..."

"कोऱ्या कागदावर सही करून त्यानं तुह्यापाशी ठेवली. आपल्या घरातही एवढा भरोसा कोनी ठेवत नाई. आता एक कागद तू तुह्या सहीचा लिव. अर्ज मागं घेतला म्हणून, आन काहून घेतला तेबी. खात्याच्या फुडच्या गोष्टी खातं पाहीन."

तो लिहीत असताना बाई भिंतीकडं पाहत बसल्या. तिथं परवान्यांच्या फायली ओळीनं लावलेल्या होत्या. पाठीवर गावांची नावं, छोट्या छोट्या कंपन्यांची नावं. कोणाच्या लेकीची, कोणाच्या मायची. त्यातल्या एकाही गावाची धूळ त्या खोलीत नव्हती.

६

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे खांबाशी गेले. लतीफा किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून आली होती. मोईन दहा पावलं मागं चालत होता. ती मध्येच थांबली, वळली नाही, नुसती म्हणाली, "मोईन, ढेकळं हायेत. हात दे." तो धावत आला.

नथ्थूनं शिडी लावली. लतीफा स्वतः चढली, चार पायऱ्या. बाहेरचं नाव तिनं बोटानं चाचपलं, 'फ'चं फुगलेलं पोटसुद्धा. मग एकेक किल्ली लावून पाहिली. सातवी लागली.

झाकण उघडलं. आत पाऊस गेला नव्हता. ऊनही नाही. पत्र्यावर खडूची अक्षरं कालच लिहिल्यासारखी पांढरी होती.

लतीफा.

सुकेशनीबाईंनी मान उंचावून वाचलं, आणि चहूकडच्या मोकळ्या शिवाराकडं पाहिलं. घर नाही, विहीर नाही. मे महिन्याचं ऊन, एकटा माणूस, आणि सकाळी घरून भरून दिलेली बाटली. त्या पेटीला पहिलं पाणी कोणी पाजलं, याचा हिशेब त्यानं त्याच्या रीतीनं केला होता आणि पावसाळा संपेपर्यंत लपवून ठेवला होता.

अडलेली ओळ तेव्हा आपोआप आली. बाई पुटपुटल्या, वाऱ्याला ऐकू जाईल एवढंच.

*तार गेली शिवारात, तिले पानी कोन पाजे*
*घरच्या पान्याची बाटली, त्याच्या कमरेले वाजे*

"भाभी," नथ्थू टोपी चुरगाळत म्हणाला, "मी चुकलो वो. मले काय ठावं! म्हना तं भायेरचं पुसतो, तुमचं लिवतो."

लतीफानं डोळे पुसले नाहीत. वाऱ्यानं ते काम केलं.

"राहू द्या, नथ्थूभाऊ. भायेरून त्याचं, आतून माहं," ती म्हणाली, आणि झाकण हळूच लावून तिनं स्वतःच्या हातानं कुलूप घातलं.